किलीममधल्या उभ्या फटी आणि चिन्हांच्या अर्थांचा कागद

तुमच्या बहिणीने तुर्कस्तानातल्या कोन्याहून आणलेल्या किलीमबद्दल (म्हणजे तिकडची हातमागावर विणलेली, नक्षीची लोकरी सतरंजी) तुम्ही दोन शंका विचारल्यात. नक्षीत जागोजागी बोटाच्या पेराएवढ्या उभ्या फटी आहेत, म्हणजे फाटका माल गळ्यात मारला का? आणि दुकानदाराने सोबत दिलेल्या कागदावरचे चिन्हांचे अर्थ खरे धरायचे का? शिवाय तो किलीम हॉलच्या भिंतीवर लावायचाय. फटींपासून सुरुवात करतो, कारण चिन्हांचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

मागावर ताणलेले उभे धागे म्हणजे ताणे, त्यांतून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. साध्या आडव्या पट्ट्यांच्या सतरंजीत बाणा या काठापासून त्या काठापर्यंत जातो, त्यामुळे फट पडायला जागाच नसते. किलीममध्ये लाल बाणा लाल भागापुरताच जातो, शेवटच्या ताण्याला वळसा घालतो आणि मागे फिरतो. शेजारचा निळा त्याच्या लगतच्या ताण्याला वळसा घालून उलट दिशेला जातो. दोघं एकमेकांत कुठेच गुंतत नाहीत. रंगांची हद्द जितकी उभी सरळ, तितकी फट लांब. तुम्ही एका फटीच्या कडा बोटांनी अलगद उघडून बघा. धागा गोल वळून परत गेलेला दिसला आणि ताणे अखंड असले तर ते विणकामच आहे. तुटलेली टोकं दिसली, ताणा मोकळा लोंबत असला, तर मात्र फाटलंय.

फट फार लांबली की कापड तिथे लुळं पडतं. म्हणून विणणारी बाई दर काही ओळींनी हद्द एकेक ताणा पुढे किंवा मागे सरकवते. त्यातून तिरक्या पायऱ्या होतात, दातेरी कडा होतात, त्रिकोण, शंकरपाळी, हुकासारखे आकडे होतात. गोलाई अगदीच जमत नाही असं नाही, पण मागाचा कल पायऱ्यांकडेच. अनातोलियाच्या, म्हणजे आशियातल्या तुर्कस्तानच्या, किलीमवर बाई असो, मेंढा असो की विंचू, सगळे इतके कोनाकोनांचे का, याचं पहिलं कारण हे आहे. गूढ अर्थ नंतर.

आता तो कागद. त्यावरची नावं दुकानदाराने बनवलेली नाहीत, ती तिथे खरंच चालतात. कमरेवर हात ठेवलेली बाई म्हणजे एलीबेलिंदे, मातृत्वाची खूण. (कमरेवर हात म्हटलं की आपल्याला विठोबा आठवणारच, पण इथे नातं जोडायला जाऊ नका.) आत वळलेली दोन शिंगं म्हणजे कोचबोयनुझू, मेंढ्याची शिंगं, पुरुषाचं बळ. ही दोन चिन्हं एकत्र आली की बेरेकेत, म्हणजे भरभराट, संतती. शंकरपाळीच्या आत ठिपका म्हणजे डोळा, दृष्ट लागू नये म्हणून. त्रिकोण म्हणजे मुस्का, तावीज. तिकडे मंत्र लिहिलेला कागद त्रिकोणी घडी करून कापडात शिवतात, त्याचाच हा आकार. लांडग्याचा माग किंवा जबडा कळपाच्या रक्षणासाठी. मेंढ्या हेच धन असलेल्या युरुक भटक्यांच्या घरात ही चिन्हं का आली, हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत मी कागदाच्या बाजूने. पण तोच कागद शब्दकोशासारखा वापरून 'हिला लग्न करायचं होतं, मूल हवं होतं, सासूशी पटत नव्हतं' असा अख्खा निरोप वाचून दाखवतात, तो बाजारचा मसाला. एकाच आकाराला दोन गावांत दोन नावं मिळतात. मुलगी आई-आजीच्या किलीमवर बघून नक्षी शिकते. तिच्या दृष्टीने तो आपल्याकडचा नमुना असतो, त्यात दर वेळी मनातलं गुपित असेलच असं नाही.

'नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मातृदेवतेची चिन्हं' ही कथाही ऐकवली असेल. तिचं मूळ कोन्याजवळच्या चाताल्होयुक या अश्मयुगीन वस्तीत. पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्ट यांनी 1961 ते 1965 मध्ये तिथे उत्खनन केलं, आणि 1980च्या दशकात तिथल्या भित्तिचित्रांची म्हणून अशी रेखाटनं पुढे आणली, की ज्यांत थेट किलीमचीच नक्षी होती. त्या चित्रांचे फोटो मात्र नव्हते, आणि अनेक जाणकारांनी तेव्हाच शंका घेतली. मेलार्ट 2012मध्ये वारले. 2018मध्ये संशोधक एबरहार्ड झांगर यांनी जाहीर केलं, की मेलार्ट यांच्या लंडनच्या घरात अशा चित्रांचे कच्चे सरावनमुने सापडलेत, म्हणजे ती त्यांनी स्वतःच रचली असावीत. तेव्हा नऊ हजार वर्षांचा हिशेब सोडून द्या.

हातमागाचा आहे का, हे थोडक्यात. दशा (टोकाला लोंबणारे धागे) ताण्याच्याच धाग्यांच्या असायला हव्यात, वरून शिवलेली झालर नको. दोन्ही बाजूंनी नक्षी जवळजवळ सारखी दिसायला हवी. मधोमध उभी शिवण असेल आणि दोन्हीकडची नक्षी बोटभर वरखाली असेल, तर घाबरू नका, उलट खूश व्हा: अरुंद मागावर दोन पट्टे विणून जोडलेले आहेत. भदोही-मिर्झापूरकडेही किलीम धाटणीचा माल हातमागावर होतो. तो बनावट नव्हे, फक्त तुर्की म्हणून त्याचे पैसे मोजू नयेत.

रंगाचं म्हणाल तर ओलं पांढरं सुती फडकं लालवर दाबून धरा. रंग फडक्यावर उतरला तर पाण्यापासून लांब ठेवा. जुना लाल मंजिष्ठाच्या चुलतभावाच्या मुळांचा, निळा निळीचा. कृत्रिम रंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे पोचले आणि बऱ्याच गावांतून नैसर्गिक रंगांची ही विद्या गेली. 1981मध्ये जर्मन रंगतज्ज्ञ हाराल्ड ब्योमर यांच्या पुढाकाराने नैसर्गिक रंगांचा डोबाग प्रकल्प सुरू झाला आणि पश्चिम अनातोलियातल्या काही गावांत ती परत आली, मुख्यतः गाठींच्या गालिच्यांसाठी. कृत्रिम रंग म्हणजे किलीम वाईट असं मात्र नाही.

भिंतीवर लावताना ताणे उभे राहतील असाच लावा. आडवा टांगलात तर फटी आडव्या येतात, वजनाने तोंड वासतात आणि वर्ष-दोन वर्षांत झोळ पडतो. खिळे ठोकू नका. वरच्या काठाला मागून रुंद सुती पट्टी हाताने टाका, टाके ताण्यांना धरून घ्या आणि पट्टीतून दांडा ओवा. फटी शिवून देतो म्हणणाऱ्याला नायलॉनचा दोरा वापरू देऊ नका, तो लोकरीला कापतो. आणि लोकर आहे, कसर (लोकर खाणारी कीड) लागणारच. पावसाळ्यानंतर उतरवून मागची बाजू झटका, तासभर कोवळं ऊन दाखवा. व्हॅक्यूम लावलात तर फिरता ब्रश बंद ठेवा, तो फटींत अडकून धागे ओढतो. कसर दिसलीच, तर घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये आठ-पंधरा दिवस ठेवता येतो, अर्थात तुमचा किलीम त्यात मावला तर.