पंधरा सोंगट्या, एक रिकामं घर: वाचकांच्या शंका

प्रश्न: पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण स्वतः लिहायला बसलं की पहिली ओळही सुचत नाही. एखादा कोड्याचा खेळ बनवत शिकावं म्हणतो. कोणता घ्यावा?

उत्तर: पंधरा आकडे सरकवून क्रमाने लावायचा खेळ घ्या. ४ × ४ ची चौकट, १ ते १५ आकडे, एक घर रिकामं. नियम दोन वाक्यांत संपतात, पण यादी, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), अटी, फंक्शन (एका कामाचा नाव दिलेला तुकडा) यांतलं काहीच टाळता येत नाही. रंग, चित्रं, माउस सगळ्यात शेवटी. आधी टर्मिनलवर, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, आकडे छापा.

पट म्हणजे १६ आकड्यांची एकच सलग यादी, रिकाम्या घरासाठी ०. घरांचे क्रमांक ० पासून मोजा. क्रमांकाला ४ ने भागून येणारा पूर्ण भागाकार ही ओळ आणि बाकी हा स्तंभ.

सुरुवातीला तीन फंक्शन पुरे: पट छापणारं, आकडा सरकवणारं, कोडं सुटलं का ते सांगणारं. चाचणीसाठी पट मुद्दाम जवळजवळ सुटलेला ठेवा: १ ते १४, मग ०, मग १५. एका खेळीत ‘जिंकलात’ दिसलं पाहिजे. सुरुवातीलाच आकडे पिसून ठेवले, तर जिंकल्याची तपासणी बरोबर आहे की नाही हे कळायला दर वेळी अख्खं कोडं सोडवावं लागेल.

प्रश्न: पहिल्या ओळीतला शेवटचा आकडा दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या घरात जातो. असं का?

उत्तर: दोन क्रमांकांत १ चा फरक आहे, एवढंच तुम्ही तपासत असणार. घर ३ आणि घर ४ यादीत शेजारी आहेत, पटावर मात्र दोन टोकांना. ओळींतला फरक आणि स्तंभांतला फरक, दोन्ही चिन्ह सोडून, मिळवा. बेरीज नेमकी १ आली तरच खेळी चालू द्या.

प्रश्न: रँडम मॉड्यूलमधलं शफल वापरून आकडे पिसतो. काही डाव काही केल्या सुटत नाहीत. शेवटी १४ आणि १५ उलटे राहतात. कोड चुकलाय का?

उत्तर: कोड ठीक आहे, गणित आडवं आलंय. १६ घरांच्या सुमारे २०.९ लाख कोटी मांडण्यांपैकी बरोबर निम्म्या सुटूच शकत नाहीत. जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी १८७९ मध्येच हे सिद्ध करून छापलं होतं.

कारण असं. पटाला बुद्धिबळासारखे काळे-पांढरे रंग द्या. दर खेळीला रिकामं घर रंग बदलतं, म्हणून ते मूळ जागी परत यायला खेळ्या सम संख्येनेच लागतात. प्रत्येक खेळी म्हणजे रिकामं घर आणि शेजारचा आकडा यांची एक अदलाबदल. सम अदलाबदलींतून नुसती १४-१५ ची एक अदलाबदल कधीच उरणार नाही.

उपाय: फक्त १५ आकडे पिसा, ० शेवटच्या घरातच ठेवा. मग अशा जोड्या मोजा ज्यांत मोठा आकडा लहान आकड्याच्या आधी येतो. त्यासाठी लूपमध्ये लूप लागेल, तपासायच्या जोड्या १०५. संख्या सम आली तर डाव सुटणारा. विषम आली तर पहिल्या दोन आकड्यांची अदलाबदल करा, झालं. सुटलेल्या पटावरून शे-दोनशे उलटसुलट खेळ्या करणं हाही मार्ग आहे, आणि सोपा आहे. पण त्यात लगेच मागे फिरणाऱ्या खेळ्या फुकट जातात, त्या वगळाव्या लागतात. आम्ही पहिलाच सुचवू, दोन लूपांचा चांगला सराव होतो.

प्रश्न: ‘खेळी मागे घ्या’ ही सोय केली. इतिहासाच्या यादीत प्रत्येक जागी आत्ताचाच पट दिसतो.

उत्तर: तुम्ही पट जोडलात, त्याची प्रत नाही. पायथॉनमध्ये त्या सगळ्या जागा एकाच यादीकडे बोट दाखवतात, म्हणून पट बदलला की सगळ्याच बदलतात. प्रत करून जोडलंत की अडचण सुटते. पण या खेळात तेही नको: कोणता आकडा सरकवला एवढंच लिहून ठेवा. तोच आकडा पुन्हा सरकवला की खेळी उलटते. नवा डाव मांडताना मात्र ही यादी रिकामी करायला विसरू नका.