त्या दारावरचे कुलूप

प्रिय ताई,

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. तुमचे वय 63, यजमानांचे 67. नाशिकच्या शरणपूरहून दोघे दीड वर्षाच्या मिशनसेवेसाठी केनियातल्या मोंबासाला गेलात, त्याला आता सात महिने झाले. यजमान मुलांना सुतारकाम शिकवायला सकाळी साडेसातला बाहेर पडतात आणि चारला परततात. तुम्ही पहाटे मच्छरदाणी आवरता, पिण्याचे पाणी उकळून गाळून ठेवता, वरणभाताचा कुकर लावता आणि मग दिवसभर एकट्या बसता. संध्याकाळी सातला घरी फोन करता, तेव्हा नाशकात साडेनऊ वाजलेले असतात आणि नात झोपलेली असते. यजमान मुदत संपेपर्यंत हलायला तयार नाहीत, मुलगा म्हणतो, "आई, तू तरी ये", आणि एकटीने परत यावे का, असे तुम्ही मला विचारता.

तिसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले आहे: "इथल्या बायकांनी सुरुवातीला एकदा गुरुवारच्या प्रार्थनेला दोन वाजता बोलावले, मी गेले तर दाराला कुलूप, तेव्हापासून मी त्यांच्या वाटेला गेले नाही." माझे सगळे उत्तर या कुलपाविषयी आहे.

यजमानांनी तुम्हाला पहिल्याच महिन्यात तिथल्या स्वाहिली भाषेतले आकडे शिकवले, मोजा म्हणजे एक आणि म्बिली म्हणजे दोन, असे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिले आहे. त्या बायका तुम्हाला 'सा म्बिली', म्हणजे दुसरा तास, असे म्हणाल्या असणार, आणि तुम्ही ते बरोबर ऐकले. पण स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. तिथे विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य बाराही महिने सहाच्या आसपास उगवतो, म्हणून आपले सकाळचे सात हा त्यांचा पहिला तास असतो आणि 'सा म्बिली' म्हणजे सकाळचे आठ. त्या गुरुवारी आठ वाजता त्या बायका तुमची वाट पाहत बसल्या होत्या, ताई. तुम्ही भर उन्हात दोनला पोहोचलात, तोवर प्रार्थना आटोपून, दाराला कुलूप लावून त्या केव्हाच घरी गेल्या होत्या. त्यांच्या बाजूने पाहिले तर नाशिकहून आलेली वडीलधारी बाई येते म्हणाली, आली नाही, आणि नंतर कधी त्यांच्याशी बोललीही नाही.

हे घड्याळ तुम्हाला अनोळखी नाही, आणि म्हणूनच मला तुमचा थोडा राग आला. मी ख्रिस्ती नाही, पण कॉलेजात असताना एका मैत्रिणीबरोबर उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेला बारा ते तीन बसले होते. येशू क्रुसावर असताना सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत अंधार पडला, हे वचन वाचले गेले तेव्हा मी तिला हळूच विचारले की आपण बारालाच का बसलो आहोत. तिने माझ्या तळहातावर बोटाने आकडे काढून दाखवले: सूर्योदयाचे सहा आणि वरचे सहा मिळून बारा. तो शुक्रवार तुम्ही जन्मभर पाळत आला आहात. द्राक्षमळ्याच्या धन्याने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अगदी अकराव्या तासालाही मजूर कामावर घेतले, तो दाखला तुम्ही वीस वर्षे भगिनी मंडळात शिकवला. ज्या घड्याळावर तुमचे शास्त्र चालते, त्याच घड्याळावर मोंबासाच्या बायका आपला गुरुवार ठरवतात.

तुम्ही सात महिने एकट्या आहात हे खरे आहे, पण त्यांतले पाच महिने त्या एका कुलपाचे आहेत. कुणाला विचारले असते तर त्याच दिवशी उलगडा झाला असता. तुम्ही विचारले नाही, कारण मनात अपमान धरला. यजमानांविषयी दोन पाने लिहिली आहेत, त्यांवर मी काही बोलणार नाही. ते परतायला तयार झाले, तरी हा सल तुम्ही शरणपूरला बरोबर घेऊन याल.

शरणपूरवरून आठवले. तुमच्या घरापासून जवळच फ्रीअर टाऊन ही सोडवलेल्या गुलामांची जुनी वसाहत आहे आणि तिथली जुनी घंटा यजमानांनी तुम्हाला दाखवली, असे तुम्ही लिहिले आहे. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात आपल्या शरणपूरला आणली गेली, इथे सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, आणि 1875 साली फ्रीअर टाऊन वसले तेव्हा त्यांच्यातले अनेक जण तिथे गेले. नाशिकची भाषा, नाशिकचे अन्न, नाशिकची थंडी, यांतले काहीही ठाऊक नसताना ती लेकरे इथे उतरली होती. तुमच्याजवळ निदान दहापर्यंतचे आकडे आहेत.

तेव्हा विमानाच्या तिकिटाविषयी आत्ता एक शब्दही काढू नका, मुलाशीही नाही. येत्या गुरुवारी त्या प्रार्थनेला जा, आणि एकट्या जा. यजमान बरोबर आले की तुमच्या वाटचे तेच बोलतात, हे तुमच्या पत्रातून पानोपानी दिसते. डब्यात चपात्या न्या. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात. तरुण मुली तुम्हाला 'शिकामो' म्हणतील, ते थोरांना करायचे अभिवादन आहे, आपल्याकडच्या 'पाया पडते'सारखे. त्यावर नुसते हसू नका, 'मराहाबा' म्हणा. मग मनगटावरचे घड्याळ दाखवा, 'समाहानी' म्हणजे माफ करा, एवढे म्हणा, आणि आपण त्या दिवशी दोनला आलो होतो हे बोटांनी सांगा. त्या हसतील. त्या हसण्याला घाबरू नका, तुम्हीही हसा.

घरातून 'सा म्बिली कासोरोबो'ला निघा, म्हणजे पावणेआठला.

तुमची,
ताई