शटल गाडी, बॅडमिंटनचं शटल आणि स्पेस शटल: या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?

तुम्ही दिलेल्या तिन्हींपैकी एकही नाही. बाकीचे अर्थ निघाले ते मागावर आडवं सूत घेऊन ये-जा करणाऱ्या धोट्यापासून, आणि तो तुमच्या यादीतच नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, आई घरी कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायची. आठवीत इंग्रजीच्या सरांनी शटलचा अर्थ विचारला. मी म्हणालो, धोटा. सर म्हणाले, "कारखान्यातली भाषा कारखान्यात ठेव." चाचणीत मी पुन्हा तेच लिहिलं, त्यांनी लाल रेघ मारून गुण कापला. त्यांच्या मते उत्तर एकच, ये-जा करणारी गाडी. वडिलांना हे कळलं तेव्हा काही न बोलता त्यांनी एक झिजलेला धोटा माझ्या दप्तरात घातला. लाकडी, होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, पोटात कांडीची जागा. दुसऱ्या दिवशी तो सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. तीस वर्षं झाली, मला अजून राग येतो.

जुन्या इंग्रजीत हा शब्द फेकायच्या बाणाला होता, 'शूट'च्याच कुळातला. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुतांच्या, उघडलेल्या फटीतून धोटा तसाच सुटतो, म्हणून नाव त्याला मिळालं. पूर्वी विणकर तो हातानं फेकायचा, पन्हा रुंद असला की दोन माणसं लागायची. 1733 साली इंग्लंडात जॉन के यांनी धावत्या धोट्याचं पेटंट घेतलं आणि दोरी ओढून एकटा माणूस रुंद कापड विणू लागला. या टोकाहून त्या टोकाला आणि परत, ही धोट्याची चाल. तीच गाडीला लागली, पिसांच्या फुलाला लागली, आणि 1981 ते 2011 या काळात अंतराळात जाऊन परत येणाऱ्या यानालाही.

शिक्षकांना माझं सांगणं आहे, गुण कापण्याआधी शब्दकोश उघडा. वर्गात विणकराचं पोर असेल तर हा शब्द त्यालाच समजावून सांगू द्या.

सरांचा अर्थ चुकीचा नव्हता, हेही लिहितो. माझाही नव्हता. आणि हल्लीच्या रेपिअर मागावर धोटा दिसणार नाही, तिथे सूत पट्टीनं ओढलं जातं. त्या मागाला इंग्रजीत नाव आहे शटललेस लूम, म्हणजे बिनधोट्याचा माग.