सीबी रेडिओ सुरू होतो, पण आवाज येत नाही

प्रश्न : माझ्या मोटरसायकलवर सीबी रेडिओ (सामान्य नागरिकांना आपापसांत बोलण्यासाठी असलेला कमी पल्ल्याचा रेडिओ संच) बसवलेला असून तो हेल्मेटमधील हेडसेटला आणि हँडलवरील बोलण्याच्या बटणाला जोडलेला आहे. दोन तास पावसात गाडी चालवल्यानंतर त्यातून आवाज येणे पूर्णपणे बंद झाले. संच सुरू होतो, चॅनलचा आकडाही दिसतो, परंतु कोणाचेही बोलणे ऐकू येत नाही. अँटेना बदलून पाहिली, तरी फरक पडला नाही. संच उघडून दुरुस्त करावा, की नवीनच घ्यावा?

उत्तर : कृपया दोन्हींपैकी काहीही इतक्यात करू नये. चॅनलचा आकडा दिसतो, म्हणजे फ्यूज शाबूत आहे आणि संचापर्यंत वीज पोहोचत आहे. आता सर्वांत आधी हे ठरवायला हवे, की आपल्याला केवळ माणसांचे बोलणे ऐकू येत नाही, की हेडसेटमध्ये कसलाच आवाज नाही. त्यासाठी आवाजाची कळ मध्यावर ठेवावी आणि स्क्वेल्चची कळ डावीकडे पूर्ण फिरवावी. स्क्वेल्च म्हणजे कोणी बोलत नसताना येणारी खरखर दाबून टाकणारी योजना. ती पूर्ण उघडली, की कोणी बोलत असो वा नसो, निरोगी संचातून सतत खरखर ऐकू आलीच पाहिजे, आणि अँटेना काढलेली असली तरी ती थोडीफार येतेच. अशी खरखर आली, तर आवाजाचा मार्ग ठीक आहे असे समजावे आणि दोष अँटेना, तिची केबल, कमी करून ठेवलेला आरएफ गेन (येणारे संकेत किती वाढवायचे ते ठरवणारी कळ) किंवा मुळात जास्त चढवलेला स्क्वेल्च यांच्यात शोधावा. पावसात हातमोजे घालून कळा फिरवताना स्क्वेल्च नकळत वर चढणे हे अगदी नेहमीचे आहे. संचावर पीए (संच ध्वनिक्षेपकासारखा वापरण्याची सोय) आणि सीबी असा बदल करणारा स्विच असेल, तर तो सीबीवरच आहे ना, हेही पाहावे, कारण तो पीएवर असताना चॅनलवरचे बोलणे ऐकू येत नाही.

खरखरही आली नाही, तर आपल्या बाबतीत माझा पहिला संशय बोलण्याच्या बटणावर आहे. सीबी संच एका वेळी एकतर बोलतो किंवा ऐकतो. बटण दाबलेले असेपर्यंत ऐकण्याची बाजू बंद राहते. हँडलवरच्या बटणात किंवा त्याच्या जोडणीत पाणी शिरून आतले संपर्क एकमेकांना जोडले गेले, की संचाला बटण सतत दाबलेलेच आहे असे वाटते आणि तो गप्प राहून प्रक्षेपण करत राहतो. प्रक्षेपण दाखवणारा दिवा किंवा पडद्यावरील खूण पेटलेली आहे का, ते पाहावे. ती पेटलेली असेल, तर संच ताबडतोब बंद करावा, कारण अशा वेळी आपण इतरांचा चॅनल अडवून ठेवता आणि प्रक्षेपण करणारा ट्रान्झिस्टरही तापत जातो. बटणाची तार संचापासून सोडवल्यावर ही खूण विझली, तर दोष सापडला. बटण उघडून कोरडे करावे, संपर्कांवरील हिरवट थर काँटॅक्ट क्लीनरने काढावा आणि आतले रबर फाटले असेल तर बटण बदलावे. याच कारणासाठी एक सांगणे महत्त्वाचे वाटते : प्रक्षेपण चालू नाही याची खात्री झाल्याशिवाय अँटेना पुन्हा काढू नये. अँटेनाशिवाय प्रक्षेपण झाले, तर चांगला संचही निकामी होऊ शकतो.

बटण निर्दोष निघाले, तर माइकची जोडणी तपासावी. अनेक संचांत, विशेषतः जुन्या घडणीच्या, स्पीकरचे सर्किट माइकच्या सॉकेटमधील एका पिनेतून पूर्ण होते. त्यामुळे माइकचा प्लग सैल असला किंवा ती एक पिन गंजली, तरी संच पूर्ण मुका होतो. बोलण्याच्या तारेतील बिघाडाने ऐकणे बंद पडेल हे सहसा सुचत नाही, आणि म्हणूनच चांगल्या संचांचे स्पीकर विनाकारण बदलले जातात.

यानंतर हेडसेटकडे यावे. संचाला बाहेरील स्पीकरसाठी स्वतंत्र सॉकेट असेल, तर त्यात 8 ओहमचा साधा स्पीकर लावून पाहावा. त्यातून खरखर आली, तर संच निर्दोष असून बिघाड हेडसेटमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. तार सोडवून मल्टिमीटरने स्पीकरचा रोध मोजावा. 8 ओहमच्या स्पीकरचे माप साधारण 6 ते 7 ओहम येते. आकडा आलाच नाही, तर तार तुटलेली आहे. शून्याजवळ आला, तर तारा आत एकमेकींना चिकटल्या आहेत. मापन करताना तार वाकवत राहावी, कारण प्लगच्या मुळाशी आणि हँडल वळते तिथे तांबे तुटते, पण वरचे आवरण मात्र अखंड दिसते. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना आवाज येत-जात असेल, तर शोध तिथेच थांबवावा. तारा चिकटलेल्या आढळल्या, तर ती जोडणी सुधारेपर्यंत संच सुरू करू नये, कारण अशा शॉर्टमुळेच आतील आवाज वाढवणारी आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) जळते.

बाहेरचा स्पीकर, दुसरा माइक आणि सोडवलेले बटण, इतके करूनही संच मुकाच राहिला, तरच तो उघडण्याची वेळ आली असे मानावे. तेव्हाही आधी बाहेरील स्पीकरचे सॉकेट पाहावे. प्लग घातला, की आतील स्पीकर तोडणारी एक पट्टी त्यात असते, आणि ती गंजून उघडीच राहिली, तर स्पीकर शाबूत असूनही आवाज येत नाही. आयसी बदलणे हे मात्र सोल्डरिंगचा सराव असलेल्या कारागिरावर सोपवावे.

प्रश्न : नवीन हेडसेट लावल्यापासून आवाज एकाच कानात येतो. हेडसेट सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. आपला हेडसेट स्टिरिओ (दोन कानांना स्वतंत्र आवाज देणारा) आणि संचाचे सॉकेट मोनो (एकच आवाज देणारे) असावे. मोनो सॉकेटमध्ये स्टिरिओ प्लगचे केवळ टोक कामी येते, त्यामुळे एकाच बाजूला आवाज पोहोचतो. दोन्ही बाजू एकत्र करणारा मोनो-स्टिरिओ अ‍ॅडॉप्टर लावल्यास दोन्ही कानांत आवाज येईल. दोन्ही स्पीकर समांतर जोडले गेल्याने रोध निम्मा होतो, म्हणून संचाला किमान किती ओहमचा स्पीकर चालतो, हे माहितीपुस्तिकेत पाहूनच तो घ्यावा.