काळ्या गाईला लाल कालवड कशी काय? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: माझी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय काळी-पांढरी आणि कांडी (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) भरली ती पण काळ्या-पांढऱ्या एचएफ वळूची, कॅटलॉगमध्ये फोटो बघूनच मागवलेली. कालवड झाली लाल-पांढरी! कपाळावर चांद, चारी पाय पांढरे, अंगावर ठळक पांढरे पट्टे. गोठ्यात येईल तो म्हणतोय जर्सीची कांडी भरून तुला फसवलंय. डॉक्टरांना विचारलं तर ते चिडत्यात. खरं काय समजायचं?
– एक दूध उत्पादक, वाळवा तालुका

दादा, भांडण काढायच्या आधी कालवडीकडं नीट बघा, निम्मं उत्तर तुम्हीच पत्रात लिहिलंय. काळ्या एचएफला जर्सीची कांडी भरली तर वासरू बहुतेक वेळा काळपट होतं, कारण काळा रंग वरचढ असतो, आणि असे ठळक पट्टेही सहसा येत नाहीत, कारण त्या पट्ट्यांचा जीन (म्हणजे गुण ठरवणारा वारशाचा घटक) आई आणि बाप दोघांकडनं यावा लागतो आणि जर्सी बहुतेक एकरंगीच. म्हणजे तुमच्या कालवडीचे पट्टेच सांगतायत की बाप एचएफ असायची शक्यता जास्त.

मग लाल आला कुठून? तर बहुतेक सगळ्या जीनच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईची एक बापाची, गाईचं पण तसंच. रंगाच्या जीनची एक प्रत काळी आणि दुसरी लाल असली तर गाय काळीच दिसते. पण लाल काय पुसला जात नाही. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव असतं पण रान भाऊच कसतो, तसं आहे हे, दिसत नाही पण हक्क शाबूत. वासराला देताना दोन्हीपैकी एकच प्रत जाते आणि कुठली जाणार ते कुणाच्या हातात नाही. तुमच्या गाईत एक लाल प्रत लपलेली, वळूतही एक, दोन्ही नेमक्या याच वासरात एकत्र आल्या. अशा जोडीत लाल वासराची शक्यता २५ टक्के, आणि ती दर वेताला नव्यानं. एकदा लाल झाली म्हणून पुढची तीन काळीच होतील असं काही नाही.

मेंडेल या शास्त्रज्ञानं १८६६ साली वाटाण्यावरच्या प्रयोगांबद्दल छापलं ते हेच. जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचा संकर केला, पहिल्या पिढीत सगळी जांभळी, त्यांच्या पुढच्या पिढीत ७०५ जांभळी आणि २२४ पांढरी. म्हणजे पांढरा गेला नव्हता, एक पिढी दबून बसला होता.

आता कॅटलॉगमध्ये त्या वळूच्या माहितीत ‘आरसी’ लिहिलंय का बघा, म्हणजे तो लाल रंगाचा वाहक. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, इथून पुढं रिकामी कांडी फेकू नका, जपून ठेवा. तरीपण शंका राहिलीच तर कालवडीच्या शेपटीचे केस मुळासकट देऊन डीएनए तपासणी करता येते, पण मला विचाराल तर त्या पैशाची पेंड आणा. दूध किती देणार ते ठरवणारे जीन वेगळे आणि पुष्कळ, लाल रंगामुळं दूध घटत नाही.

(पांढऱ्या खिलारचं वासरू डोक्यावर तांबूस असतं म्हणून घाबरून विचारणारे पण आहेत. तो रंग दोन-तीन महिन्यांत आपोआप जातो, त्याचा या लालशी संबंध नाही.)

प्रश्न: मी ए पॉझिटिव्ह, मिस्टर बी पॉझिटिव्ह, आणि मुलगा ओ निगेटिव्ह. घरात कुजबुज चालू आहे. असं होतं का?
– एक वाचक, वाई

होतं ताई, होऊ शकतं. तुमच्यात ए सोबत ओ लपलेला, त्यांच्यात बी सोबत ओ, निगेटिव्हचं पण तेच गणित. तुमच्यासारख्या जोडप्याला ए, बी, एबी, ओ कुठल्याही गटाचं मूल होऊ शकतं. त्यात बॉम्बे ब्लड ग्रुप नावाचा आणखी एक प्रकार आहे, १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला, त्यात तर माणूस साध्या तपासणीत ओ दिसतो आणि आत ए किंवा बी असू शकतो. त्यामुळं नुसत्या रक्तगटावरनं कुणी बाप ठरवायला बसू नये. कुजबुजणाऱ्यांना हे पान वाचायला द्या.

प्रश्न: मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. काही धोका?
– एक वाचक, माण तालुका

सख्ख्या मामाची मुलगी म्हणजे आजी-आजोबा एकच, तुमचे साधारण आठवा हिस्सा जीन सारखे. आजोबांकडं एखादी बिघडलेली प्रत लपलेली असेल तर ती तुम्हा दोघांकडंही आलेली असू शकते, आणि पोरात दोन्ही भेटल्या की आजार दिसतो. कुठल्याही जोडप्याच्या मुलात गंभीर जन्मदोषाची शक्यता साधारण २ ते ३ टक्के धरतात, सख्ख्या मामे-आते भावंडांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेकांची मुलं धडधाकटच होतात, म्हणूनच तर ‘आमच्यात कुणाला काय झालंय’ असं म्हणणारे भेटतात. पण घरात कुणाला वारंवार रक्त द्यावं लागत असेल, जन्मजात ऐकू येत नसेल, लहान मुलं कारण न कळता गेली असतील, तर धोका बराच वाढतो. कालवडीला तिच्या बापाची कांडी भरायची नाही हे आपण गोठ्यात काटेकोर पाळतो, घरात मात्र विषय काढला की लोक रागावतात, काय बोलायचं!

सुपारी फुटायच्या आधी दोघांनी थॅलेसेमियाची (आई-बापाकडनं येणारा रक्ताचा आजार) एचपीएलसी तपासणी करून घ्या, साधी रक्ताची तपासणी आहे. सगळेच आजार त्यात कळत नाहीत, पण हा कळतो. एकच जण मायनर (म्हणजे नुसता वाहक) निघाला तर मुलाला मेजर (म्हणजे वारंवार रक्त द्यावं लागणारा गंभीर प्रकार) होत नाही. दोघं मायनर निघालात तर प्रत्येक मुलाला २५ टक्के धोका, मग तारीख धरायच्या आधी जेनेटिक समुपदेशकाला गाठा.