जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक (मातीत पळवायची गाडी) घेताय?

भावा, नाद चांगलाय, घे बिनधास्त. फक्त मालकाला आधीच सांग, गाडी तापवून ठेवू नका, तापलेलं इंजिन खोड लपवतं. हात लावून इंजिन गार आहे बघ, मगच किक मार. किक लोण्यात सुरी गेल्यासारखी खाली गेली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपात बोअर मारून (सिलिंडर आतून कातून) घेऊ म्हणशील, तर थांब. यातल्या बऱ्याच सिलिंडरना आतून निकासिलचा, म्हणजे निकेलच्या कडक मुलाम्याचा, थर असतो, तिथं साधं बोअरिंग चालत नाही.

मग एअर फिल्टर काढ, कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट फिरव. माती लागली की ती इंजिनात गेलीय समज, सरळ घरी ये.

नवीन पोरं नवं प्लास्टिक, स्टिकर बघून भुलतात. पहिलीच गाडी २५० सीसी नको, १२५ बघ. आणि रंकाळ्यावर मिरवायला ही नाही हं, पासिंगच होत नाही.