संशोधनाच्या निधीसाठी शेत विकू नका

(दारव्हा तालुक्यातील एका वडिलांच्या पत्राचा सारांश : मुलगी बारावी विज्ञान शाखेतून ८१ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली असून गणितात तिला ९४ गुण आहेत. तिला गणित आणि सांख्यिकी घेऊन बी.एस्सी. करायचे आहे. ‘सुरक्षित आणि विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) संशोधनाला कोट्यवधींचा निधी मिळतो, आमचे प्रमाणपत्र घेतले की तो मुलीच्या नावावर मिळवून देऊ,’ असे एका खासगी मार्गदर्शन केंद्राने वडिलांना सांगितले आहे. केंद्राचा १ लाख ८० हजारांचा अभ्यासक्रम आणि व्यवस्थापन कोट्यातून अभियांत्रिकीचा प्रवेश यांसाठी दीड एकर शेत विकावे काय, असे ते विचारतात. ‘पोरीला यातले काय कळते, ती तर आता बोलतही नाही,’ असेही त्यांनी लिहिले आहे.)

आदरणीय भाऊ,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. शेत विकू नका आणि त्या केंद्रात एक रुपयाही भरू नका.

मात्र तुमचे पत्र वाचताना पैशापेक्षा अधिक काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटली. पत्रात केंद्राच्या संचालकांचे म्हणणे सविस्तर आहे, तुमच्या साडूंचे मत आहे, पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याचा पगारसुद्धा आहे. मुलीच्या वाट्याला फक्त एक वाक्य आले आहे आणि तेही तुम्ही खोडून काढण्यासाठीच लिहिले आहे. ती बोलत नाही याचा अर्थ तिला काही कळत नाही, असा तुम्ही लावला. मला तो पटत नाही. आपल्या शिक्षणासाठी घरची जमीन विकायला निघाली आहे, हे ज्या मुलीला कळते, तिने बोलायचे तरी काय? होकार दिला आणि पुढे जमले नाही, तर शेत आपल्यामुळे गेले हा सल तिला जन्मभर राहील. नकार दिला, तर बाप एवढे करायला तयार असताना पोरीला किंमत नाही, असे चार नातेवाईक म्हणतील. अशा पेचात सापडलेले अठरा वर्षांचे कोणतेही लेकरू गप्पच बसेल. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या भरवशावर मुलीचे आयुष्य जाऊ नये, ही तुमची तळमळ मला पूर्ण समजते आणि तिचा मी आदर करतो. पण जो निर्णय तिने आयुष्यभर निभवायचा आहे, तो तिला वगळून घेण्याचा अधिकार त्या तळमळीमुळेही तुम्हाला मिळत नाही, हे मला स्पष्टच सांगितले पाहिजे.

आता निधीविषयी. केंद्राने सांगितलेले अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. या विषयाला जगात खरोखर पैसा मिळतो. अमेरिकेतील फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१५ मध्ये, प्रामुख्याने इलॉन मस्क यांच्या देणगीतून, ३७ संशोधन प्रकल्पांना सुमारे ७० लाख डॉलर दिले. ब्रिटनच्या सरकारी एआय सिक्युरिटी इन्स्टिट्यूटने २०२५ मध्ये दीड कोटी पौंडांचा संशोधन निधी जाहीर केला. आपल्याकडे केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली, ‘सुरक्षित आणि विश्वासार्ह एआय’ हा त्याचा एक भाग आहे, अर्थात रकमेने तो अगदी लहान आहे.

तुमची खरी गफलत पुढे आहे. ‘शेततळ्याचे पैसे जसे खात्यात जमा झाले तसेच हे असेल,’ असे तुम्ही लिहिता. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, सातबारा जोडायचा, निवड झाली की पाहणी होऊन रक्कम जमा होते. तिथे पात्रता ठरलेली असते आणि ती कागदपत्रांनी सिद्ध होते. संशोधनाच्या निधीत अशी ठरलेली पात्रता पुरत नाही. अर्जदाराला आधी एक प्रश्न मांडावा लागतो, तो अजून का सुटलेला नाही हे दाखवावे लागते, आपण तो कसा सोडवू पाहतो आणि याआधी आपण काय काम केले आहे हे सांगावे लागते, आणि मग त्याच विषयातले तज्ज्ञ तो प्रस्ताव तपासतात. बहुतेक निधी विद्यापीठाला किंवा संस्थेला, एका प्रमुख संशोधकाच्या जबाबदारीवर, ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि त्याच्या खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. इंडिया एआय मिशनने २०२४ मध्ये या विषयाचे पहिले आठ प्रकल्प निवडले, त्यांत आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधील रायपूरची एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) आहे. आरोग्यसेवेत वापरल्या जाणाऱ्या एआयमधला पक्षपात कमी कसा करावा, हा तिचा विषय आहे. काही परदेशी संस्था एकेकट्या व्यक्तींनाही निधी देतात, हे खरे. पण त्याही अर्जदाराचे आधीचे काम पाहतात. बारावीनंतर सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर हा निधी कोणी मिळवून देऊ शकत नाही, आणि तसे सांगून पैसे घेणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे.

मला सर्वाधिक खेद याचा वाटतो की या संशोधनाला ज्या विषयांचा पाया लागतो, तोच तुमची मुलगी मागते आहे आणि तुम्ही तो नाकारत आहात. एखादे अ‍ॅप कपाशीच्या पानाचा फोटो पाहून रोग सांगते असे समजा. ते ज्या फोटोंवर शिकले ते दुसऱ्या भागातले, दुसऱ्या वाणाचे आणि चांगल्या उजेडातले असतील, तर तुमच्या शेतातला लाल्या त्याला ओळखता येईलच असे नाही. चूक झाली हे एक वेळ चालेल. पण ते चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते, हा मोठा धोका आहे. चुकीच्या सल्ल्यावर केलेल्या फवारणीची किंमत काय असते, हे यवतमाळ जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा कारणे वेगळी होती, पण उद्या औषध सुचवण्याचे काम यंत्र करणार असेल, तर ‘मला खात्री नाही’ हे त्याने केव्हा म्हणावे, ती खात्री मोजायची कशी आणि अनोळखी परिस्थितीत ते किती चुकेल याचा अंदाज कसा बांधायचा, हे प्रश्न जीवनमरणाचे होतात. त्यांची उत्तरे संभाव्यता, सांख्यिकी आणि रेषीय बीजगणित यांतूनच शोधली जातात. प्रोग्रॅमिंग लागतेच, ते तिला बी.एस्सी. करतानाही शिकता येईल.

पुढचे मार्ग परिचयाचे आहेत : बी.एस्सी.नंतर आयआयटी जॅम किंवा भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रवेशपरीक्षेतून एम.एस्सी. अथवा एम.स्टॅट., अभियांत्रिकी केल्यास एम.टेक.साठी गेट ही परीक्षा. त्यानंतर प्राध्यापकांच्या प्रकल्पात सहायक म्हणून किंवा पीएच.डी.साठी काम सुरू होते, आणि संशोधन निधीशी तिचा पहिला संबंध तिथेच येईल. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कनिष्ठ संशोधकाला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन आहे. म्हणजे सहा-सात वर्षे चिकाटीने शिकावे लागेल आणि कोट्यवधी रुपये मुलीच्या खात्यात कधीच येणार नाहीत, हे आजच समजून घ्या.

अभियांत्रिकीला जायचे तिने स्वतः ठरवले, तर माझी हरकत नाही. पण तेव्हाही व्यवस्थापन कोट्याकडे वळू नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच लागू होते. व्यवस्थापन कोट्यात पैसे भरून जागा घेतली की सवलत जाते. जे सरकार फुकट देते आहे, ते शेत विकून का घ्यावे?

तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल ते प्रवर्गाचे प्रमाणपत्र याच आठवड्यात काढा, कारण प्रवेशाच्या दिवसांत तिथे मोठी गर्दी होते. शेत विकायचे नाही हे मुलीला तिच्या आईसमोर स्पष्ट सांगा आणि त्यानंतर तिला काय शिकायचे आहे ते विचारा. ती बोलू लागली की मध्ये थांबवू नका. पुढचे पत्र तिला स्वतःला लिहू द्या. गणितातला कोणता भाग तिला आवडतो आणि कोणता जड जातो, एवढे तिने कळवले की महाविद्यालयाविषयी मी तिलाच उत्तर देईन.